चव्वेचाळीस टक्के

ससूनमध्ये डॉक्टरांनी माझा डावा हात उचलला,
सोडला,
पुन्हा उचलला, आणि लिहिलं : चव्वेचाळीस.
उरलेले छप्पन्न कुठे ठेवायचे
ते कागदावर नव्हतं.

तेव्हापासून माझ्या दोन फायली आहेत.
हिरवी पेन्शनची.
तिच्यात मी काहीच करू शकत नाही.
वर्षातून एकदा जाऊन सांगायचं,
अजूनही करू शकत नाही,
आणि हो, जिवंत आहे.

निळी येरवड्याच्या केंद्रातली.
तिच्यात मी मिनिटाला एकतीस शब्द मराठी टाइप करते.
गायखे मॅडमनी शिकवलं,
डावा हात मांडीवर लपवू नकोस,
आणून ठेव शिफ्टच्या कळेवर,
वजनासारखा.
बोटं हलत नाहीत ना? मग उत्तम. तिथे हलायचंच नाहीये.

दोन्ही फायली मी एका पिशवीत कधी ठेवत नाही.
एकमेकींचं वाचतील.

आई दीड हजाराला मुलगा म्हणते.
उशिरा येतो, न सांगता येतो,
कधी दोन महिने तोंड दाखवत नाही,
पण येतो.
हडपसरच्या नोकरीचे तेरा हजार तिला
स्थळासारखे वाटले :
चांगलंय गं, पण चौकशी केलीस का?
तीन महिन्यांनी परत पाठवलं तर?
जनता वसाहतीच्या चढावर
सिलिंडर वर आणणाऱ्याला देताना
ती नोटा दोनदा मोजते.
मी तिच्यावर चिडू शकले नाही.

रेहान म्हणाला, घे.
तो केंद्रात माझ्या शेजारी बसायचा,
त्याच्या कानातली बाई इतकी भरभर वाचते
की मला नुसती माशी ऐकू येते.
त्याने दोन नोकऱ्या घेतल्या, दोन्ही सुटल्या,
पेन्शन परत मिळायला चौदा महिने.
तरीही म्हणाला, घे.
सकाळी डबा भरताना घरात जो आवाज होतो ना,
आपल्यासाठी, तो ऐकून बघ एकदा.

घेतली.
जुन्या जन्मनोंदी संगणकात भरायच्या.
बाळाचं नाव, बापाचं नाव, वजन.
टक्के कुठेच नाहीत.

आठव्या दिवशी हाफ डे टाकून मी हिरवी फाईल घेऊन गेले.
शेवाळे भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.
म्हणजे तुम्ही बऱ्या झालात?
नाही.
मग काम कसं करता?
असंच.
त्यांनी फॉर्म उलटा केला, सुलटा केला.
असा रकाना नाही, म्हणाले.
बंद करता येईल. नोकरी सुटली तर मात्र
पहिल्यापासून. दाखले, फोटो, ससून, सगळं.
मागे रांगेत कुणीतरी खोकलं.
मग आवाज खाली आणून :
कायम झाल्यावर या.
मी आज तुम्हाला पाहिलेलं नाही.

चौतीस वर्षांत कितीजणांनी मला पाहिलं नाही.
उपयोग पहिल्यांदाच झाला.

बसमध्ये फाईल मांडीवर होती.
लबाडी झाली का ही, की सवलत?
स्वारगेटपर्यंत विचार केला,
मग उतरायचं होतं.

आता रोज साडेनऊला हात उचलून जागेवर ठेवते.
साहेब, काम, पगार,
हे शब्द उजवा एकटा लिहितो.
घर नाही लिहिता येत त्याला.
भाकरी नाही, धीर नाही, खरं नाही.
त्या अक्षरांना शिफ्ट लागते,
तिथे हा, काही न करता,
कळ दाबून बसलेला असतो.

परवा एका नोंदीत वजनाऐवजी
कुणी अक्षरी लिहिलेलं सापडलं,
छप्पन्न तोळे, किंवा तसंच काहीसं, शाई फुटलेली.
छ लिहायला
दोन्ही हात लागले.